भिंतीतली फट : प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगरातल्या पैठण गेटजवळच्या एका सायकलच्या दुकानात लहानपणी माझा बराच वेळ जायचा. तिथे पाहिलेली एक गोष्ट पुढे आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलापाशी उपयोगी पडली. टायरला कुठे चीर गेली असेल, तर हवा भरताना आतली ट्यूब त्या चिरेतून बाहेर डोकावते. आधी वाटाण्याएवढी, मग लिंबाएवढी. पोरं त्या फुगलेल्या ट्यूबकडे बोट दाखवायची. दुकानातले काका मात्र तिकडे बघायचेही नाहीत. ते हवा सोडायचे, चाक फिरवून चीर शोधायचे आणि म्हणायचे, "ट्यूबचं काही नाही रे, टायर गेलंय."

मोठ्या आतड्याला येणाऱ्या थैल्यांचा आजार याहून सोप्या रीतीने मला कुणाला समजावता आलेला नाही. मोठं आतडं म्हणजे आत मऊ अस्तर आणि बाहेर स्नायूंचं आवरण. लांबीच्या दिशेने जाणारे स्नायू इथे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, ते तीन पट्ट्यांत गोळा झालेले असतात. या पट्ट्यांच्या मधल्या भागात, अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या जिथे स्नायू भेदून आत शिरतात, तिथे भिंत मुळातच नाजूक असते. वय वाढलं, स्नायू ताठरले, आतला दाब वर्षानुवर्षं तसाच राहिला, की अस्तर त्या फटीतून बाहेर येतं. डॉक्टर याला डायव्हर्टिक्युलम म्हणतात. अशी एकेक थैली बहुधा अर्धा ते एक सेंटिमीटरची असते. एकाच माणसाला दहा-वीस असू शकतात आणि बहुतेकांना त्या असल्याचं कधी कळतही नाही. डाव्या बाजूला खाली, गुदाशयाच्या लगेच वर, सिग्मॉइड नावाचा जो वळणदार भाग आहे तो सगळ्यांत अरुंद. अरुंद नळीत दाब अधिक, म्हणून युरोप-अमेरिकेत थैल्या सर्वाधिक तिथेच सापडतात. जपान-कोरियाकडे उजव्या बाजूला अधिक दिसतात. हा फरक का, याचा उलगडा अजून झालेला नाही.

या पुस्तकाचा विषय आहे तो त्यातला एक दुर्मीळ प्रकार. थैली चार सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी झाली की तिला महाकाय म्हणतात. मोसंबीएवढ्या, नारळाएवढ्या आणि त्याहूनही मोठ्या थैल्यांच्या नोंदी आहेत. फ्रेंच डॉक्टर बोन्व्हॅ आणि बोन्त यांनी १९४६ मध्ये अशा थैलीचं पहिलं वर्णन केलं. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, २०१५ मध्ये, इटलीतल्या सर्जननी जगभरचं वाङ्मय चाळून एक मोठा आढावा छापला, तेव्हा त्यांच्या हाती १६६ रुग्ण लागले. एखादा सर्जन पूर्ण कारकीर्द करून निवृत्त होईल आणि त्याला अशी एकही थैली दिसणार नाही, इतकी ती विरळ आहे. मग तिच्यावर अख्खं पुस्तक कशाला, हा प्रश्न हस्तलिखित हातात आल्यावर मलाही पडला होता.

उत्तर देण्याआधी एका शब्दाबद्दल बोलायला हवं. लेखकांनी पहिल्या खर्ड्यात 'पिशवी' हा शब्द वापरला होता. मी तो बदलायचा आग्रह धरला. आपल्या मराठवाड्यात 'पिशवी काढली' म्हटलं की बाई गर्भाशयच समजते. बीडकडच्या ज्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढली गेली, त्यांच्या बाबतीत या दोन शब्दांमागे केवढं दुःख आहे, हे महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून वाचलेलं आहे. शिवाय पित्ताची पिशवी आहे, लघवीची पिशवी आहे, आणि आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर लावावी लागते तीही पिशवीच. रुग्णाला "पिशवी काढू, पण पिशवी लावावी लागेल" असं सांगितलं तर त्याने काय समजायचं? म्हणून या पुस्तकात आजाराला थैली म्हटलं आहे आणि पोटावरच्या साधनाला पिशवी. संमतीपत्रावरचा अंगठा कशावर उमटतो आहे, हे अंगठा देणाऱ्याला कळायलाच हवं.

आता इतिहास. आतड्याच्या साध्या थैल्यांची पहिली नोंद फ्रान्समधल्या अलेक्सी लित्र यांच्या नावावर आहे, १७०० सालची. पुढची दीडशे वर्षं त्या शवविच्छेदनातलं कुतूहल म्हणूनच राहिल्या. १८४९ मध्ये क्रुव्हेल्ये यांनी त्यांचं नीट वर्णन केलं, १८९९ मध्ये जर्मनीत ग्रेझर यांनी त्यांच्याभोवती होणाऱ्या दाहाकडे लक्ष वेधलं आणि १९०७ मध्ये अमेरिकेत विल्यम मेयो यांनी आतड्याचा रोगट भाग कापून काढल्याचे अनुभव मांडले. त्या काळी प्रतिजैविकं नव्हती. आतडं कापून लगेच जोडणं म्हणजे जीव पणाला लावणं. म्हणून तीन टप्प्यांची पद्धत रूढ झाली: आधी वरचं आतडं पोटावर आणून मळाला वाट द्यायची, काही महिन्यांनी रोगट भाग काढायचा, मग तिसऱ्या वेळी पोटावरचं तोंड बंद करायचं. पॅरिसच्या आंरी हार्टमान यांनी १९२१ मध्ये कर्करोगासाठी रोगट भाग काढून आतड्याचं तोंड पोटावर आणण्याची रीत सुचवली. ती या आजारातही दोन टप्प्यांची होऊन आली आणि आजही पोटात मळ पसरलेल्या अत्यवस्थ रुग्णाला ती वाचवते. प्रतिजैविकं, उत्तम भूल आणि पुढे स्टेपलर आल्यावर एकाच वेळी कापून जोडणं शक्य झालं.

१९७१ मध्ये एक वेगळाच प्रश्न विचारला गेला. युगांडात काम केलेले डेनिस बर्किट आणि लंडनचे सर्जन नील पेंटर यांनी मांडलं की हा आजार चोथा नसलेल्या अन्नाचा आहे. आफ्रिकेतल्या खेड्यांत तो जवळपास दिसत नाही, इंग्लंडमध्ये घरोघरी आहे. मांडणी इतकी पटण्यासारखी होती की तोवर मऊ, चोथा नसलेलं अन्न सांगणारे डॉक्टर कोंडा खायला सांगू लागले. २०१२ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात मात्र जास्त चोथा खाणाऱ्यांत थैल्या कमी आढळल्या नाहीत. वाद मिटलेला नाही. बियांची भीती मात्र मिटायला हवी. शेंगदाणे, मका, फुटाणे थैलीत अडकून दाह करतात, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. २००८ मध्ये ४७,२२८ पुरुषांची अठरा वर्षांची माहिती तपासली गेली, आणि दाणे किंवा पॉपकॉर्न खाणाऱ्यांत दाहाचा धोका वाढलेला दिसला नाही. आपल्याकडे शेंगदाण्याच्या चटणीशिवाय भाकरी उतरत नाही. कुठल्यातरी जुन्या कागदाच्या आधारावर एखाद्या म्हाताऱ्याच्या ताटातून ती काढून घेऊ नये, एवढं मी इथे ठासून सांगतो.

महाकाय थैलीकडे परत येऊ. ती इतकी का फुगते? सायकलच्या व्हॉल्व्हचा विचार करा. हवा आत जाते, बाहेर येत नाही. थैलीचं तोंड अरुंद असतं. आतड्यात दाब वाढला की वायू आत शिरतो, दाब उतरला की तोंड मिटतं. १९८८ मध्ये मॅकनट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे तीन प्रकार केले. पहिल्यात साधीच थैली हळूहळू वाढत जाते. दुसऱ्यात छोटी थैली फुटते, पण फुटलेली जागा आजूबाजूच्या ऊतींनी झाकली जाते आणि त्या बंद पोकळीत वायू साठत राहतो. तिची भिंत म्हणजे व्रणाची ऊती, अस्तर नव्हे. तिसऱ्यात भिंतीचे सगळे थर असतात, ती बहुधा जन्मजात. निम्म्याहून अधिक रुग्ण दुसऱ्या प्रकारातले. नव्वद टक्क्यांहून अधिक थैल्या सिग्मॉइडला येतात. रुग्ण बहुतेक साठीच्या पुढचे असतात.

आणि ते येतात कसे? "पोट फुगतं", "वारं धरतं", "डाव्या कुशीत गोळा येतो", "कोठा साफ होत नाही". या तक्रारी घेऊन बाह्यरुग्ण विभागात रोज शंभर माणसं येतात. त्यातला एक गोळा खरोखरचा असतो. पोटाच्या साध्या एक्स-रेत वायूने भरलेला, गुळगुळीत कडांचा मोठा गोल दिसतो. आपल्याकडे असा गोल दिसला की सर्जनच्या मनात पहिलं नाव येतं ते सिग्मॉइडला पीळ पडण्याचं, कारण तो आपण खूप पाहिलेला असतो. तिथेच चूक होते. खात्री होते ती सीटी स्कॅनने. दुर्बिणीने आतड्याच्या आतून तपासावं तर थैलीचं अरुंद तोंड अनेकदा दिसतच नाही, आणि तपासताना भरलेली हवा ती फोडूही शकते.

ही चूक मी स्वतः केली आहे. उमेदवारीची वर्षं होती, सीटीची सोय हाताशी नव्हती, फिल्म पाहून मी पीळ म्हटलं आणि पोट उघडलं. समोर आली ती आतड्याला एका बारीक देठाने लटकलेली, तट्ट फुगलेली थैली. देठ इतका सुटसुटीत होता की मोह आवरला नाही. देठापाशी बांधून थैली काढली, तोंड शिवलं. रुग्ण आठव्या दिवशी घरी गेला आणि मला मोठं काम केल्यासारखं वाटलं. काही महिन्यांनी तो परत आला, त्याच कुशीत दुखणं, ताप, गळू. शिवलेली जागा ज्या आतड्यात होती ते आतडंच रोगट होतं. त्याला दुसरं ऑपरेशन लागलं आणि बराच काळ पोटावर पिशवी घेऊन राहावं लागलं. त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, "तेव्हाच का नाही सगळं काढलं?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पैठण गेटचे काका आठवले. मी ट्यूबवर काम केलं होतं, टायर तसंच ठेवलं होतं.

या पुस्तकाचा कणा हाच आहे. फुगा डोळ्यांत भरतो, आजार भिंतीत असतो. पोटाला बारीक भोकं पाडून होणाऱ्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या काळात हे पुन्हा सांगण्याची गरज जास्त आहे, कारण पडद्यावर तो फुगा आणखी सुंदर दिसतो, देठ आणखी सोपा दिसतो, आणि स्टेपलरचा एक घाव पुरेसा वाटतो. तिसऱ्या प्रकारात, आजूबाजूचं आतडं निरोगी असेल तर तेवढं पुरतंही. बाकी बहुतेकांत थैलीसकट तो आतड्याचा तुकडा एकसंध काढावा लागतो. आणखी एक कारण आहे: अशा थैल्यांच्या दोनेक टक्के रुग्णांत कर्करोगही सापडला आहे.

दुर्बिणीच्या वाटेचा इतिहास लेखकांनी आत सविस्तर दिला आहे. मी काही खुणा सांगतो. १९०१ मध्ये हॅम्बुर्गला गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बीण घातली. १९१० मध्ये स्वीडनच्या याकोबेउस यांनी माणसावर ती वापरल्याचं प्रसिद्ध केलं. कीलचे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जननी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. एरिश म्यूह यांनी १९८५ मध्ये पित्ताशय काढलं. मोठ्या आतड्याची पाळी १९९१ मध्ये आली. मायामीच्या जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी वीस रुग्णांचा अनुभव छापला.

आपल्या देशात दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुजली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. डॉ. तेहेम्टन उदवाडिया १९७२ पासून दुर्बिणीने पोट तपासत होते. १९९० मध्ये त्यांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. दुर्बीण ही श्रीमंतांची चैन आहे, हे त्यांना कधीच मान्य नव्हतं. ज्याचं हातावर पोट आहे त्यालाच लवकर कामावर परतण्याची गरज सगळ्यांत जास्त, ही त्यांची बाजू. मोंढ्यातल्या हमालाला महिनाभर पोत्याला हात लावू नको म्हणणं म्हणजे काय, हे इथे वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुढे ग्रामीण सर्जननी गॅस न भरता पोटाची भिंत वर उचलूनही दुर्बिणीची कामं केली. या परंपरेला मी मोठमोठ्या यंत्रांइतकाच मान देतो. यंत्रमानवी हातांबद्दल मला कुतूहल आहे, ओटीपोटाच्या खोल भागात त्यांची सफाई मी पाहिली आहे, पण या आजारात त्यांच्यावाचून अडतं असं मला वाटत नाही.

या क्षेत्रातले पंथ ढोबळपणे असे. एक पंथ पोट उघडूनच काम करणारा: मोठी थैली मूत्राशयाला, लहान आतड्याला, गर्भाशयाला चिकटलेली असते, हाताने जे जाणवतं ते चिमट्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरा पूर्ण दुर्बिणीचा. तिसरा मधला, एका छोट्या छेदातून एक हात आत घालून बाकी काम दुर्बिणीतून करणारा. अवघड चिकटलेल्या पोटात तो शहाणपणाचा ठरतो. चौथा धीराचा: पू असेल तर आधी सीटीच्या मदतीने सुईने नळी टाकून तो काढायचा, दाह निवू द्यायचा आणि काही आठवड्यांनी शांत पोटात काम करायचं. महाकाय थैलीवर या पंथांची समोरासमोर तुलना कुणी केलेली नाही. इतके रुग्ण आणायचे कुठून? पुरावा उसना घ्यावा लागतो, सिग्मॉइडच्या नेहमीच्या आजारातून. नेदरलँड्समधल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिग्मा' चाचणीत १०४ रुग्ण होते. दुर्बिणीच्या गटात वेळ जास्त लागला, पण मोठी गुंतागुंत आणि वेदना कमी होत्या. त्याच गटातल्या जवळजवळ पाचांपैकी एकाचं पोट मध्येच उघडावं लागलं, हेही मी तरुणांना आवर्जून वाचायला सांगतो. पोट उघडणं हा पराभव नाही. हट्टाने न उघडणं हा असू शकतो.

कौशल्य कुठे लागतं, ते थोडं सांगतो. पहिलं भोक पाडतानाच थैली टोचली जाऊ शकते, म्हणून पोटाचे थर डोळ्यांनी पाहत, छोट्या छेदातूनच आत जावं. डाव्या मूत्रनलिकेला आधी ओळखावं, मग कात्री उचलावी. वर मऊ, निरोगी आतडं मिळेपर्यंत काढावं. वरच्या इतर साध्या थैल्या सगळ्या काढण्याचा अट्टहास नको. खाली मात्र जोड गुदाशयाच्या वरच्या भागावरच हवा, जिथे त्या तीन स्नायुपट्ट्या पसरून एक होतात. सिग्मॉइडचा थोडा तुकडा खाली राहिला तर दाब तसाच राहतो आणि आजार परत येतो. जोड झाला की ओटीपोटात पाणी भरून गुदद्वारातून हवा सोडतात आणि बुडबुडे येतात का बघतात. पंक्चर काढल्यावर काका ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायचे, अगदी तसंच. काढलेला तुकडा बाहेर घेण्यासाठी सिझेरियनसारखा आडवा छोटा छेद लागतोच. 'बिनटाक्याचं ऑपरेशन' ही जी पाटी जागोजागी दिसते, तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या नातेवाइकांना हे आधी सांगितलेलं बरं.

आता सुरुवातीचा प्रश्न. हे पुस्तक आत्ता, मराठीत आणि छत्रपती संभाजीनगरातून का यावं? १९५६ पासून इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आपल्या सगळ्यांची 'घाटी', जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलडाण्यापर्यंतचं दुखणं सोसत आलं आहे. शहरात खासगी आणि न्यासांची रुग्णालयं उभी राहिली, दुर्बिणी आल्या, सीटीचं यंत्र तालुक्याच्या गावी पोचलं. आयुर्मान वाढलं, म्हणजे थैल्यांचं वयही लोकांना लाभू लागलं. ज्वारीची जागा मैद्याने घेतली. जी थैली पूर्वी 'वाताचा गोळा' म्हणून माणसाबरोबरच जायची, ती आता सीटीच्या पडद्यावर दिसते. दिसली की तिचं काय करायचं, हा निर्णय तालुक्याच्या डॉक्टरला घ्यावा लागतो, आणि त्याच्यासमोर रेशनकार्ड घेऊन बसलेल्या कुटुंबाला तो समजून घ्यावा लागतो. दुर्मीळ आजारावर लिहिताना लेखकांना साध्या आजारांबद्दलही बोलावंच लागलं: पोटदुखी ऐकावी कशी, फिल्म वाचावी कशी, दाह निवायची वाट कधी पाहावी. साध्या, गुंतागुंत नसलेल्या दाहाच्या ६२३ रुग्णांवर मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिजैविकांशिवायही बहुतेक रुग्ण तितकेच बरे झाले. अशी माहिती घाटीतल्या निवासी डॉक्टरइतकीच सिल्लोड-कन्नडच्या कुटुंबडॉक्टरलाही मिळायला हवी, आणि ती त्याच्या भाषेत.

काही ठिकाणी माझा लेखकांशी मतभेद आहे. लक्षणं नसलेल्या थैलीवरही त्यांचा कल ऑपरेशनकडे आहे. फुटणं, गळू, आतडं अडणं हे धोके पाहता त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण ऐंशीच्या घरातला, दमेकरी, हृदय थकलेला माणूस समोर असेल तर मी थैलीला सोबत राहू देईन आणि दर काही महिन्यांनी त्याला बोलावीन. त्यांनी हा मतभेद पुस्तकात ठेवला, माझं म्हणणंही छापलं, याचा मला आनंद आहे. वाचकाने दोन्ही बाजू तपासाव्यात.

शेवटी एका पानाबद्दल. पुस्तकाच्या मागच्या बाजूला पोटाची नुसती बाह्यरेषा काढलेली आहे, आत काहीही नाही. तिच्या प्रती काढून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाच्या खाटेशी बसायचं, पेनाने आतडं काढायचं, थैली काढायची, कुठून कुठवर कापणार ते दाखवायचं, भोकं कुठे पडतील, आडवा छेद कुठे येईल आणि जोड साथ देणार नसेल तर पिशवी कुठे लागेल त्या जागी फुली मारायची. मग पेन रुग्णाच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा, मी उद्या काय करणार आहे.